एकच घंटी

पहाटे चार पन्नास. कॉटवरून खाली
पहिलं पाऊल टाकलं
की टाचेत कुणीतरी तिकिटाचा पंच मारतं.
पंच जाऊन मशीन आलं, त्याला वर्षं झाली,
टाचेत मात्र तो जुनाच.

दहा पावलांनी उतरतं,
म्हणून तर तीन महिने बोलले नाही कुणाला.
विटा-तासगाव-सांगली. गाडी भरली
की माझी सीटही पॅसेंजरची.

आईनं वीट तापवली, वर रुईचं पान. चर्र झालं.
बरं वाटलं, दुपारपर्यंत.
बाबर ड्रायव्हर म्हणाले, हाड वाढलंय, कापतील.

मिरजेची आफरीन मुजावर, माझ्या पोरीएवढी.
एक्स-रेत काटा दिसत होता, बाभळीचा असावा तसा.
ती म्हणाली, हा नाही हो गुन्हेगार,
कित्येकांना असतो, त्यांना पत्ताही नसतो.
मग माझं पाऊल तिनं मांडीवर घेतलं.
भेगांत डिझेल, डेपोची माती.
हळदीच्या दिवसानंतर
या पायांना दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता.

"टाचेपासून बोटांपर्यंत एक पट्टा असतो.
रात्रभर आखडतो,
सकाळी तुम्ही एकदम उभ्या राहता."

आमच्या गाडीत छताखालून दोरी जाते, मी म्हटलं,
मागच्या दारापासून पार ड्रायव्हरच्या डोक्यापर्यंत.
"तशीच. फक्त पायाखालून."

दोन घंट्या म्हणजे चला.
एक म्हणजे थांबा.
बावीस वर्षं मीच ओढली की ती दोरी.

उठायच्या आधी टॉवेल चवड्याला अडकवून ओढायचा,
भिंतीला रेटा देऊन पोटऱ्या ताणायच्या,
अनवाणी फरशीवर नाही. देवापुढंही?
देवापुढंही.
बर्फाची बाटली पावलाखाली फिरवायची.
किती दिवस? "महिने म्हणा."

परवा कवठे एकंदच्या अलीकडं ब्रेक लागला
आणि बाटली सुटली, गडगडत थेट बाबरांच्या गिअरपाशी.
हातोहात परत आली.
"बर्फ हाय की ह्यात," एक म्हातारा.
"टाच व्हय?" तिसऱ्या सीटवरची भाजीवाली,
"माझी बी." मागून अजून एक,
मग मास्तर, मग नर्सबाई.
तासगाव येईपर्यंत टाचांखेरीज विषय नव्हता,
आणि दोन तिकिटं फाडायची राहिली.

आज टॉवेल ओढला, अर्धा मिनिट बसले.
टाकलं पाऊल.
दुखलं. पण पंच नव्हता तो,
पेनानं केलेली बारीक खूण.