उपस्थिती तेवीस

गुरुवार, साडेचार. जुन्या इमारतीतली एकशे चार नंबरची खोली,
गंगापूर रोडकडे उघडणाऱ्या तीन खिडक्या,
त्यातली एक लागत नाही.
मी ग्रंथालयातून नोंदवही घेऊन येते.
रकाने माझ्या आधीच्या बाईंनी आखलेले, लाल शाईत:
तारीख, वक्ता, विषय, उपस्थिती, आभार कोणी मानले.

रऊफ माइक तपासताना हॅलो हॅलो म्हणत नाही.
आज म्हणाला, 'कांदा बाराशे, कांदा बाराशे,'
आणि मागच्या बाकावरची दोन पोरं हसली.
ती अंतर्गत गुणांसाठी आलीत. पाच गुण.
मी त्यांनाही मोजते.

उपप्राचार्य उठले.
थेटे मॅडमना परिचयाची गरज नाही, म्हणाले,
आणि अकरा मिनिटं परिचय करून दिला.
पीएच.डी.चं वर्ष चुकलं.
मॅडमनी दुरुस्त केलं नाही. सत्काराचं रोप घेतलं,
थोडा वेळ मांडीवर धरलं, मग टेबलाखाली सरकवलं.

संख्याशास्त्राच्या थेटे मॅडम, एरवी फळ्याशीच बोलणाऱ्या.
विषय: मोजणे म्हणजे काय.
पडदा उजळला तर दुतोंड्या मारुती,
शेंदरी, गंगेत छातीपर्यंत बुडालेला.
'क्युसेक धरणावरच्या साहेबांना.
आपण विचारतो, कुठवर आलं?
गुडघा. कंबर. छाती. गळा.
एक अख्खं शहर एका अंगाने मोजतं.'
तेव्हा मला पंख्याचा आवाज ऐकू आला,
म्हणजे बाकी सगळे गप्प होते.

मग आलेख आले, आणि आलेखांवर आलेख.
जिल्हा बँकेतून निवृत्त झालेले धात्रक झोपले.
त्यांना कोणी उठवत नाही,
टाळ्या झाल्या की ते आपोआप उठतात आणि वाजवतात.

'काही प्रश्न?'

दर गुरुवारी इथे एक खड्डा पडतो.
सगळे त्यात डोकावून बघतात आणि घड्याळाकडे वळतात.

भिंतीकडून तुळशीराम पेखळे उभे राहिले.
भांडी बाजारात दुकान. तेरा वर्षं येतायत,
फाटकावरच्या वहीत 'कामाचे स्वरूप' पुढे
'ऐकणे' असं लिहितात.

'बाई, आम्ही मारुती बघत नाही.
रात्रीचं कुठं दिसणार?
दुकानात खालच्या फळीवर पातेली असतात, रिकामी.
पाणी आत शिरलं की ती उचलली जातात,
एकमेकांना लागतात. आधी सुटं सुटं, ठण्,
बराच वेळ काही नाही, परत ठण्.
मग सगळीच.
माडीवर निजलेला माणूस त्यावरून ठरवतो
काय वर न्यायचं, काय गंगेला सोडायचं.
माझ्या बापाला तांबं वेगळं ऐकू यायचं, पितळ वेगळं.
याला तुमच्यात काय म्हणतात?'

मॅडमनी मार्करचं टोपण काढलं. फळ्याकडे वळल्या.
काही लिहिलं नाही. टोपण परत लावलं.
'माहीत नाही,' म्हणाल्या,
'पण पुन्हा सांगा. जरा सावकाश.'
आणि पहिल्या रांगेतल्या रिकाम्या खुर्चीवर बसल्या,
माझ्याकडे हात पुढे केला, पेन्सिलीसाठी.
रऊफने कोणी न सांगता
माइक वायरसकट तिसऱ्या रांगेत नेला.
मागच्या पोरांपैकी एकाने कानातलं काढलं.
एकाच कानातलं, पण काढलं.

चहा गार झाला. बिस्किटं पोरांनी संपवली.
उपप्राचार्यांनी विद्युत विभागाचेही आभार मानले.

नोंदवहीत मी भरलं: थेटे. मोजणे. तेवीस.
विचारलं कोणी, याला रकाना नाही.
समासात बारीक अक्षरात 'पेखळे, पातेली' लिहिलं,
पुढच्या बाईंना ते हिशेबातलं वाटेल.
रोप टेबलाखालीच राहिलं होतं. ते ग्रंथालयात आणलं.

रात्री घासायची भांडी मोरीत होती.
नळ सोडून दोन वाट्या टबात तरंगत ठेवल्या
आणि दिवा मालवला.
स्टीलच्या होत्या.
तरी उभी राहिले बराच वेळ.