रक्त न काढता

पुंता अरेनासला वारा असा की
रस्त्याच्या कोपऱ्यावर धरायला दोर बांधलेत,
आणि वसंतात आभाळाला भोक पडतं तेव्हा
हवामानानंतर रेडिओवर
ऊन किती जाळील तेही सांगतात.
बाउदिलिओ ओयार्सो रेडिओ ऐकत नाहीत.
वय एकाहत्तर. त्यातली सत्तेचाळीस वर्षं मेंढ्या कातरण्यात.
डाव्या गालफडावर डाग, मसुरीएवढा,
एका कडेला शाई फुटल्यासारखा.

"सुरी कुठंय?" आल्या आल्या विचारलं.
सुरी नाही, म्हटलं. उजेड आहे.
तोही लालाच्या पलीकडचा, डोळ्याला जेमतेम कळणारा.
गालावर तेलाचा थेंब, त्यावर कडं चिकटवलं,
कड्याला यंत्राचं नाक टेकवलं.
आता बोलू नका. श्वास घ्या, पण चोरून.

वरचा थर: आटलेल्या तळ्याचा भेगाळ तळ.
केसाच्या जाडीचा पाव हिस्सा खाली उतरले:
पेशींचं पोळं, भिंतीला भिंत लागून,
प्रत्येक घरात काळोख नीट ठेवलेला.
यंत्राला रंग कळत नाहीत.
जिथून उजेड परततो ते पांढरं, बाकी काळं.
आपण ज्याला सावळेपणा म्हणतो
तोच इथे सगळ्यात लख्ख.

आणखी खाली
उजळ काठांच्या अंधाऱ्या विहिरी,
आणि विहिरीत काहीतरी धावतंय.
"हे काय?"
चित्र हललं. मी रागावले नाही.
रक्त, म्हटलं. तुमचं. आत्ताचं.

मधे थांबलो तेव्हा म्हणाले,
"मेंढीला रक्त निघालं की आमचा त्या दिवसाचा पैसा कापायचे.
लोकर आणि कातडी यांच्यामध्ये जागा असते, बाई,
कागदाएवढी. तिथेच राहायचं.
वर राहिलात तर लोकर वाया,
खाली गेलात तर मेंढी.
तुमचा उजेड किती खोल जातो?"
कागदाएवढाच. फार तर दोन कागद.
ते हसले. गालावरचं कडं ताणलं.

मग मी डागाच्या कडेकडेनं सरकत राहिले,
चौकोनाला चौकोन जोडत.
पोळं. पोळं. पोळं.
त्यांचं बोट पडद्याकडे गेलं, माझ्या आधी.
"तो कळपातला नाही."

वरच्या थरात, जिथे त्याचं काही काम नव्हतं,
एकटा, मोठा, लख्ख,
फांद्या फुटलेला.
शेजारच्या भिंती त्याच्यापाशी पुसट झालेल्या.
मी पाच वर्षं हेच ओळखायला शिकले
आणि गप्प राहिले;
बोलायचा अधिकार डॉक्टर इस्मेनियाचा,
ती तीनला येणार.
फक्त खूण केली, आकडा टाकला.
"फाटकाशी उभं राहून मोजताना," ते म्हणाले,
"मेंढी कुणी बघत नाही.
मेंढी नसलेलं काय आत शिरतं, ते बघतात."

कडं निघालं तेव्हा गालावर लाल वर्तुळ.
तेल पुसलं. कापूस पांढराच.
तो त्यांनी माझ्या हातून घेतला,
दिव्यापाशी धरून दोन्ही बाजूंनी पाहिला,
दुसऱ्याचं काम जाणकारानं पाहावं तसा.
"हात चांगला आहे," म्हणाले.

तीन वाजायला चाळीस मिनिटं होती.
तावदान वाऱ्यानं खडखडत होतं.
टोपी मांडीवर उलटी ठेवून ते बसले
दारातून कोण येतं ते बघत.