पाच पाउंडांची फुंकर

पोर्ट ऑगस्टा. शेडचा पत्रा तडतडतोय.
बेचाळीस, आणि अजून अकराही वाजले नाहीत.

टॅमझिनला हवाय तो मोठा इंटरकूलर,
बंपरच्या तोंडात चांदीच्या दातांसारखा दिसणारा.
मी विचारतो, पोरी, तुझा टर्बो फुंकतो किती?
पाच पाउंड.
वाढदिवसाच्या मेणबत्त्या विझतील, एवढंच.
त्या फुंकरीला एवढा लांब बोगदा दिलास
तर पाय दाबल्यावर गाडी आधी विचार करेल,
मग निघेल.
आणि मागे रेडिएटर हवेवाचून उपाशी.

इंजिनाच्या डोक्यावर बसवायचा?
फाटकात मालगाडी सरेपर्यंत
तो तव्यासारखा तापेल.
पाण्यावरचा म्हणशील, तर पंप, टाकी, नळ्या :
दोनशे मैलांत माणूस नाही अशा रस्त्यावर
गळायला आणखी एक निमित्त.

"मग काहीच नको का?" ती चिडते.
मी इंजिन चढ्या आवाजात ठेवतो,
तिचा हात टर्बोपुढच्या पाइपजवळ नेतो, नुसता जवळ.
ती झटकन मागे घेते.
हं. थोड्याशा दाबानंही ताप चढतोच.

भंगारात डिझेल व्हॅनचा एक सापडला,
शाळेच्या वहीएवढा, पात्यांत वाळलेले टोळ.
दुपारभर ती टूथपिकनं
एकेक पाती सरळ करत बसली, माझ्याशी न बोलता.

संध्याकाळी क्वॉर्नच्या चढावरून परत आली,
बॉनेट उघडलं,
इंटरकूलरपुढच्या पाइपवर हात ठेवला
आणि तिथेच राहू दिला.

"पण बाहेरून दिसत नाही रे काहीच,"
म्हणाली.