शेपटीवरचा नंबर

चिपीच्या सड्यावर भर दुपारी
सावली फक्त विमानांच्या पोटाखाली उरते;
लोडर पोरं तिथंच डबे उघडतात.
आज दोन उभी आहेत, पंखाला पंख ठेवून.
मी खोलीत, प्रिंटरपाशी,
किलो सिएराचा फ्लाइट प्लॅन फाडते आहे.

फोन आला होता दूरच्या थंड खोलीतून:
हैदराबादला किलो सिएरा नको, माईक फॉक्सट्रॉट पाठवा.
आज वरण नको, कढी कर, असं म्हणावं तसं.
माईक फॉक्सट्रॉटचा डावा पॅक बंद,
त्याला तिथल्या हँगरात पोचायचंय.
म्हणजे सतरा हजार फुटांच्या वर जायचं नाही,
म्हणजे खालची जाड हवा, जास्त इंधन,
म्हणजे वजन उतरवा,
म्हणजे सुरमईचे अकरा खोके
पुन्हा उन्हात.
हे सगळं मी मांडलं, पुसलं, पुन्हा मांडलं.
आकडा पक्का झाल्याशिवाय तोंड उघडू नये
असं शिकवलंय मला.

"चाळीस मिनिटं," कॅप्टन मस्कारेन्हस म्हणाले.
टोपी काखेत, पाठीवर घामाचा नकाशा.
"चाळीस मिनिटं मी त्या दुसऱ्या विमानात बसून
तयारी करत होतो, कुबल.
लोडरला माहीत. पाणीवाल्याला माहीत.
मला कोण सांगणार होतं? कावळा?"

बदल मी केला नव्हता.
हे ओठांवर आलं आणि तिथंच राहिलं,
कारण ते खरं होतं
आणि त्याचा काही उपयोग नव्हता.
कागदाच्या तळाशी दोन रेघा असतात,
एक माझ्या सहीची, एक त्यांच्या.
बुडालो तर दोघं, हे तिथं
जरा सभ्य भाषेत लिहिलेलं असतं.
माझी सही झाली होती.
त्यांनी खिशातून पेनसुद्धा काढलं नाही.

माझा बापूस निवतीला तांडेल.
एकदा शेटनं रातोरात होडी बदलली,
नवी, जास्त रुंद, इंजिनही बरं.
बापूस पुळणीत उभा, चढेना.
"होडी वायट नाय," म्हणाला,
"पण माका शेवटाक कित्याक सांगतास?"
मग गुडघाभर पाण्यात वाकून
त्यानं तळाच्या फळ्यांवरून हात फिरवला,
नाळेपासून सुकाणापर्यंत,
परक्या गुराच्या पाठीवरून फिरवावा तसा, सावकाश.
शेट घड्याळ बघत होता.

मी प्लॅन उचलला. "चला, बघू या," एवढंच.
डांबर चपलेला चिकटत होतं.
ते पुढं, मी मागून वाचत:
काय दुरुस्त झालंय, काय राहिलंय,
राहिलेलं किती दिवस चालेल.
चाकाचा घासलेला भाग त्यांनी अंगठ्यानं दाबून पाहिला,
पंख्याच्या पात्याला हात लावला, काढला.
तापलं होतं.
"दीडशे किलो इंधन आणखी."
"मग आणखी चार खोके उतरवावे लागतील."
"मग चार खोके."
सामानाच्या ढकलगाडीवर कागद ठेवून त्यांनी सही केली.
वाऱ्यानं कोपरा उडत होता,
तो मी धरून ठेवला.

आता मी कच्चाच आकडा सांगते.
"कॅप्टन, नक्की नाही, पण बदलेल असं दिसतंय."
तीनदा काहीच बदललं नाही.
तीनदा ते "बरं" म्हणाले.
चौथ्यांदा चांगलेच तडकले.
पाचव्यांदा फोन त्यांचाच आला,
सकाळी सहाला, कुडाळच्या हॉटेलातून,
मागं कुणीतरी कपबश्या आपटत होतं:
"कुबल, आज कुठली होडी?"

बापसाची गोष्ट मी त्यांना कधी सांगितली नव्हती.
त्यांचं घर बेतूलला, खाडीच्या तोंडाशी,
हे मला फार नंतर कळलं.
त्या वेळी नुसतं म्हटलं, "अजून ठरतंय."
"थांबतो," म्हणाले,
आणि फोन ठेवला नाही.