फेरीत एकदाच

लग्नपत्रिका कापल्यावर कडेच्या पट्ट्या उरतात,
तीनशे जीएसएम, हस्तिदंती, एका अंगाला गुळगुळीत.
शेठ म्हणतात, रद्दीत टाक.
मी टाकत नाही.
सयाजीगंजच्या या प्रेसमध्ये सात वर्षं झाली,
माझ्या खणात एक अख्खं राज्य साठलंय
त्रेसष्ट बाय अठ्ठ्याऐंशी मिलिमीटरचं,
कोपरे नेलकटरनं गोल केलेले.

एकशे बारा पत्ते.
खंडेराव मार्केटची कांदाराणी:
खर्च दोन, मैदानात उतरताच समोरचा रडतो.
मांडवीचा राक्षस: चार दिशांना चार तोंडं,
चौघांची चार मतं,
म्हणून हल्ल्याआधी एक फेरी फुकट.
कमाटीबागेतली आगगाडी, ताकद शून्य,
पण तिच्यावर बसलेल्याला कुणी मारू शकत नाही.

चित्रं मालविका शिर्के काढते.
फाइन आर्ट्स तिनं तिसऱ्या वर्षी सोडलं,
का ते विचारायचं नाही.
मगरीचे दात तिनं मोजून काढले,
डोळ्यात मात्र पांढरा ठिपका ठेवला नाही.
म्हणाली, ठिपका दिला की ती कुणाची तरी होते.

शब्द माझे.
शब्दांना जागा साडेतीन ओळी.
‘आपल्या ताब्यातील कोणताही जीव नष्ट झाल्यास’
असं लिहिलं की दोन ओळी तिथंच संपतात.
‘तुझं कुणी मेलं तर’.
एवढ्यात भागतं.

शनिवारी अगासीवर फाल्गुन पारेख येतो
सेव-उसळीच्या पिशव्या घेऊन.
धंद्यानं सी.ए.,
नियमातली फट त्याला वासावरून कळते.
काल त्यानं दोन पत्ते शेजारी शेजारी मांडले.

विश्वामित्रीची मगर:
    पाणी चढलं की ही परत येते.
पूर:
    कुणी परत आलं की पाणी चढतं.

आ जो, म्हणाला, आणि बोटानं ठोकत राहिला
एकदा या पत्त्यावर, एकदा त्या.
आली. चढलं. आली. चढलं.
हवं तर सकाळपर्यंत माझीच पाळी, भाऊ.

मालविका हसली.
मीही हसलो, जरा उशिरा.

त्या ऑगस्टात कागदाची रिमं वर चढवायला
मी एकटाच प्रेसमध्ये थांबलो होतो.
वीज नाही. पाणी चौथ्या पायरीवर.
दुसऱ्या रात्री ओसरलं,
आणि जिन्याशी अडकलेला ओंडका
ओंडका नव्हता, तो आपला आपण निघून गेला.
मग वर कुठं तरी दरवाजे उघडले असणार.
पाणी आलं. तीही आली.
कटिंग मशीनच्या टेबलावर मी मांडी घालून,
मांडीवर कुणाच्या तरी चि. सौ. कां.चा गठ्ठा,
आणि टॉर्चच्या टोकाला दोन लाल निखारे.
लाल.
मालविकाला मी ते सांगितलं नाही,
नुसतं म्हणालो होतो, एक मगर काढ.

ताकद दोनवर आण, फाल्गुन सुचवत होता,
नाही तर खर्च सात कर.
मी म्हटलं, नको, ती आहे तेवढीच राहू दे.
हवे होते फक्त दोन शब्द,
आणि साडेतीन ओळी भरलेल्या.
सगळ्यात खाली तिरक्या अक्षरात मी लिहिलं होतं,
‘तिला घाई नसते’,
ते माझं आवडतं वाक्य
बॉलपेननं खोडलं आणि त्याच्या डोक्यावर,
किंचित वाकडं:
फेरीत एकदाच.

फाल्गुननं पत्ता उजेडात धरला,
फट शोधली, सापडली नाही.
हवे रमाय, म्हणाला, आणि पिसायला घेतलं.

पहिल्याच वाटपात पूर माझ्याकडे आला.
मी तो डाव संपेपर्यंत हातात धरून बसलो,
खेळलो नाही.
हरलो, सोळा विरुद्ध तीन.
उसळीला पाव कमी पडले होते,
मालविका खाली जाऊन घेऊन आली.