रकाना क्रमांक नऊ

मला विज्ञान कळत नाही.
मला रकाने कळतात.
म्वान्झाच्या संस्थेत, जिन्याखालच्या खोलीत
अठरा वर्षं मी दुसऱ्यांचे अर्ज भरतोय.
कोण विमानभाडं देतं पण पगार देत नाही,
कोण पगार देतं आणि जनरेटरच्या डिझेलला
हात आखडता घेतं,
‘क्षमतावर्धन’ हा शब्द कितीदा लिहिला
की दार किलकिलं होतं,
एवढं मला ठाऊक.

डॉक्टर न्यान्झोबे जूनमध्ये आली,
चिखलाचे गमबूट उंबऱ्याबाहेर काढून.
तिला गोगलगाई मोजायच्या होत्या.
सरोवराकाठच्या, शर्टाच्या गुंडीएवढ्या,
ज्यांच्या पोटात पाय नसतात,
अळ्या असतात.
ऊन चढलं की त्या पाण्यात सुटतात,
डुंबणाऱ्या पोरांच्या कातडीतून आत शिरतात,
आणि वीस वर्षांनी एखादा कोळी
जाळं ओढता ओढता रक्त ओकतो.
मला तिने हे चहा निवायच्या आत सांगितलं.
अर्जात त्याला दोनशे शब्द.

मग वयाची भानगड.
‘पीएचडीनंतर पाच वर्षांच्या आत.’
तिला झाली होती सहा वर्षं चार महिने.
दर मुलामागे एक वर्ष सूट, पण तिची
कुल्वा आणि डोटो जुळी.
एक बाळंतपण की दोन मुलं?
नियम गप्प.
मी लंडनला पत्र धाडलं.
अकराव्या दिवशी कुण्या फिलिपाबाईंचं उत्तर:
दोन.
त्या दुपारी आम्ही तळलेला सातो मागवला,
डोक्यासकट.

रकाना नऊ. मार्गदर्शकाचं नाव.
मी म्हटलं, लूवेनचे ते प्राध्यापक घाला,
परिषदेत भेटलेले.
ती म्हणाली, त्यांचा कॉफीचा कप आठवतो फक्त.
आणि तिने लिहिलं: लुहेंदे.

लुहेंदे म्हणजे आमचा होडीवाला.
सातवी पास. सत्तावीस वर्षं
लांब दांड्याची चाळण घेऊन लव्हाळ्यात उभा.
कुठल्या खाडीत गोगलगाय आहे
हे पाण्याच्या रंगावरून सांगतो.
आलेल्या प्रत्येक डॉक्टरला त्यानेच शिकवलं,
आणि प्रशिक्षणाच्या एकाही यादीत
तो बसला नाही, कारण यादी पदवीपासून सुरू होते.

मी वाद घातला. ती ऐकेना.
लंडनची मध्यरात्र म्हणजे आमचे पहाटेचे दोन;
एक चाळीसला वीज गेली.
जनरेटर खोकला, लागला.
पडदा म्हणाला: मार्गदर्शकाचा ईमेल अनिवार्य.
लुहेंदेला ईमेल कुठला?
मी त्याच्या नावाने खातं उघडलं.
जन्मतारीख विचारली, तर माझीच टाकली.
एक एकोणसाठला अर्ज गेला.

डिसेंबरात निकाल.
प्रकल्पाच्या पैशांना वाटाण्याच्या अक्षता,
चार परिच्छेदांच्या, फार सभ्य.
मात्र सहा आठवड्यांचं प्रशिक्षण मंजूर:
संख्याशास्त्र, एडिनबर्ग, कोट स्वतःचा आणावा.
न्यान्झोबे मुलांना बहिणीकडे ठेवून गेली.
फ्रीजरमधले नमुने
मी रोज सकाळी जाऊन पाहतो,
मला त्यातलं काही कळत नसताना.

जानेवारीत सहज लुहेंदेचं खातं उघडलं.
एक पत्र पडलं होतं.
‘प्रिय प्राध्यापक लुहेंदे,
पुढच्या फेरीतले तीन अर्ज
आपण तपासून द्याल का?’

मी ते छापून धक्क्यावर नेलं, स्वाहिलीत वाचून दाखवलं.
तो होडीला डांबर लावत होता.
‘पैसे देतात?’
‘नाही.’
‘मग चहा तू पाज.’

आता संध्याकाळी तो जिन्याखाली येतो.
मी वाचतो, तो डोळे मिटून ऐकतो,
मध्येच म्हणतो, हे परत वाच.
पहिल्या अर्जाला त्याने दहापैकी तीन दिले.
कारणाच्या रकान्यात मी
तो बोलला तसंच टंकलं:
हा माणूस हुशार आहे.
पाण्यात उतरलेला नाही.