बटाट्याच्या पिठावरून

ताम्पेरेत, जुन्या सूतगिरणीच्या तळघरात
तुओवी बटाट्याचं पीठ मोजते.
दोन किलो, चामड्याच्या पिशवीत, वर मूठभर मीठ.
मीठ कशाला, असं मी पहिल्या वर्षी विचारलं होतं.
"वजा वीसला बर्फ दात खातो," ती म्हणाली,
"वजा तीनला नुसता चघळतो."
त्यानंतर मी विचारणं सोडलं
आणि माइक वीतभर खाली घेतला.

पडद्यावर एक पोस्टमन गोठलेलं तळं ओलांडतोय.
शूटिंगला त्याच्या पायांत नमद्याचे बूट होते,
काठावर जनरेटर, आणि लांब कुठेतरी
कुणाचा तरी कुत्रा. अकरा टेक,
अकराही वेळा कुत्रा.
आवाज घेणाऱ्या इल्पोने रिपोर्टात
एवढंच लिहून पाठवलं : माफ करा.

म्हणून चालायचं तुओवीने.
वय एकसष्ट, डावा गुडघा पोलादाचा.
दीड मीटर बाय एक मीटरच्या चौकटीत
ती सहा किलोमीटरचं तळं पायाखाली घालते.
गुडघ्याने बंड केलं की खुर्चीवर बसते,
बूट हातांत चढवते, पार कोपरापर्यंत,
आणि पोस्टमन तिच्या हातांवर चालू लागतो.
जिभेचं टोक दातांत. नजर पडद्यावर खिळलेली.
काचेमागून ती मला
कणीक तिंबणाऱ्या बाईसारखी दिसते.
हेडफोन चढवला की बाई नाहीशी,
एक माणूस येतो, शहाऐंशी किलोचा,
उजव्या खांद्यावर थैली.
(थैलीचा पट्टा म्हणजे माझी जुनी बॅग.
चौदा वर्षांत माझा तेवढाच आवाज
पडद्यावर गेलाय.)

हेल्सिंकीहून दिग्दर्शक आला. तरुण, पायांत मऊ मोजे.
सगळं ऐकलं, छान म्हणाला.
"फक्त दाराशी, तो थांबतो ना, दार वाजवायच्या आधी,
तिथे बारीकसं काहीतरी करकरलंय.
तो तर हलतही नाहीये.
काढून टाकू?"

तुओवीने पिशवीतलं पीठ टाचेने सारखं केलं.
मग बोलली, त्याच्याशी नव्हे, माइकशी.
मशीन चालूच राहिलं होतं, म्हणून ते माझ्याकडे आहे :

"कुह्मोला आमचं घर रस्त्यापासून चाळीस पावलं.
मी पलंगावर, भिंतीकडे तोंड करून मोजायची.
चाळीस आली तर बाबा शुद्धीत.
पंचेचाळीस झाली की आई दिवा मालवायची.
साठाच्या वर गेली की आम्ही भावंडं
मागच्या दाराने गोठ्यात.
पण कधी कधी ते दाराशी येऊन उभेच राहायचे.
आत सगळे जागे आहेत हे त्यांना कळायचं.
तेव्हा ते टाच फिरवायचे. एकदाच.
अंगाचा भार एका पायावरून दुसऱ्यावर.
तो आवाज आला की आई कूस बदलून
झोपून जायची."

दिग्दर्शकाने कॉफी मागितली.
साखर ढवळली, खूप वेळ.
करकर राहिली.

प्रीमियरला शेवटची नावं वर सरकू लागली
तेव्हा लोक कोटांत हात घालत होते.
तिचं नाव कुणाच्या तरी झिपखाली गेलं.
बाहेर वजा दोन, बर्फ नुकताच पडून गेलेला.
बसस्टॉपपर्यंत दोघेही चालत गेलो,
तिच्या काळ्या पॅंटच्या शिवणीत अजून पीठ.
मध्येच थांबली. टाचेने बर्फ दाबून पाहिला.
पुन्हा दाबला, मान तिरकी करून.

"खोटा वाटतो," म्हणाली.
"मीठ कमी आहे."